किती झाल्या?

"आपला माल आपण वाखाणायचा नाही. लोकांच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि तोंड मिटून बघायचं. गरज असली की गिऱ्हाईक आपणहून मागतं," शून्यातून घरघंट्यांचा कारखाना उभारलेल्या सुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाताचा कुकर चढवला.

शर्वाणीने कुकरच्या शिट्ट्या मोजणारं आपलं यंत्र ओट्यावर ठेवलं आणि तोंड मिटलं. बाईंना पसंत पडलं, तरच त्यांचे दुकानदार ते विकायला ठेवणार होते.

बाई जुन्या आठवणींत रमल्या. पहिली घरघंटी टांग्यात घालून दारोदार कशी नेली, एका दारात ती चालू करताच तिच्या आवाजाने घोडा कसा बिथरला, सगळं सांगून झालं. इकडे शिट्ट्या होतच होत्या. मग सवयीने त्यांनी बाहेर हाक मारली, "अहो, किती झाल्या?"

"दोन," पेपरामागून काका म्हणाले.

"तीन," यंत्र म्हणालं.

बाईंनी यंत्राचं बटण बंद केलं. "लग्न झाल्यापासून घरातलं हे एवढं एकच काम ते करतात. तेही काढून घेऊ? आणि त्यांचं मोजणं कधी चुकत नाही. आमचा भात गिचका होतो, तो तांदूळ नवा असतो म्हणून."

शर्वाणी हिरमुसली. तरी बाईंचा नियम पाळत तिने मुकाट्याने यंत्र पिशवीत भरलं.

ती दारात चपला घालत होती, तेवढ्यात काका मागोमाग आले. स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "पोरी, हा आकडा माझ्या एकट्याच्या फोनवर येईल का गं? आजवर अंदाजानेच सांगत आलोय."