शिंबाशीला राहिलेल्या खडावा

बाळांनो, डोळे मिटा आणि तुम्हीच तोमी आहात असं समजा. आपल्या जपानात तेव्हा आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. घरात शिरताना काढतो तशा तोमीने आणि आजोबांनी डब्यात चढताना खडावा फलाटावर काढून ठेवल्या. गाडी सुटली आणि खडावा शिंबाशी स्थानकातच राहिल्या. योकोहामाला परदेशी बाईंच्या शाळेत प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. शाळेच्या दारातला दुभाषी त्यांचे अनवाणी पाय बघून हसला, "काय गं, खडावांचं तिकीट काढायचं राहिलं वाटतं?" आजोबा ओशाळले. "चल घरी, पोरी. अनवाणी गेलीस तर गावंढळ म्हणून हाकलतील." "हाकलतील तेव्हा बघू, आजोबा. ती गाडी बैलांशिवाय कशी पळते, हे मला शिकायचंय!" आत बाई चिखलाने भरलेले बूट घालूनच गालिच्यावर उभ्या होत्या. तोमीने उंबऱ्याबाहेर बसून रुमालाने दोन्ही तळवे स्वच्छ पुसले आणि ती सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसली.