सहीआधीचा डाव

आमचे वर्षभराचे सगळे नमदे, म्हणजे लोकरीचे जाड गालिचे, एकाच व्यापाऱ्याला द्यायच्या करारावर सही करायला माझा लेक मेदेर उतावीळ झाला होता. फोन सारखा वाजत होता, ह्याचा गुडघा हलायचा थांबत नव्हता.

"आधी एक डाव खेळ," म्हणत मी तोगुझ कोरगोलचा, खळग्यांतून खडे फिरवायच्या आमच्या खेळाचा, पाट ओढला. ह्या गाढवाने सगळे खडे एकाच खळग्यात साठवले. मी एका चालीत ते उचलले.

"कळलं, आपा. माल चार जागी विकतो," तो पुटपुटला. आमच्याकडे आईला आपा म्हणतात.

चहा ओतता ओतता सून ऐझादा म्हणाली, "आपा, तुम्ही मात्र सगळा धंदा एकट्या लेकाच्या हाती ठेवलाय."

"जीभ फार लांब झालीय तुझी," मी म्हणाले आणि मेदेरला उठवलं. "किटली घे तिच्याकडून. तिला इथे बसू दे."