भांडखोर बिऱ्हाड

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," बशीत चहा ओतत म्हातारा येफिम म्हणाला, "पण झारच्या पोलिसांना मी बायकोच्या शिव्यांनी फसवलं!"

तळघरात कामगार संघटनेचा चोरटा छापखाना. वर संघटनेच्याच हुकमानं नवरा-बायकोचं सोंग घेतलेले येफिम आणि ग्लाफिरा. खाली यंत्र खडखडलं की वर कोबीच्या सारातल्या मिठावरून कडाक्याचं भांडण जुंपे. दोन वर्षं शेजाऱ्यांना यंत्र ऐकूच गेलं नाही. मग संघटनेकडूनच दोघांच्या ताटातुटीचा हुकूम आला.

झारची सत्ता गेल्यापासून येफिम गावोगावच्या चहाघरांत हाच किस्सा सांगत हिंडे. शेवट नेहमी दाराकडे बघत, "निघताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही मी!"

आज दारातून, यंत्राचा खडखडाट बुडवणारा तोच आवाज कडाडला, "खोटारड्या! पुलापर्यंत तीनदा वळलास!"