मळखाऊ रंग

झिंगू पेंटर जयभीम घालत अंगणात शिरला आणि चहाला नको म्हणून थेट समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. आठ दिवसांपूर्वी त्यानं तिथं रंगाचे तीन पट्टे ओढले होते, जोत्यापासून पार सज्ज्यापर्यंत. एक चॉकलेटी, एक राखाडी, एक पांढरा. आज त्यातला एक निवडायचा होता.

माजरीत घराचा बाहेरचा रंग कार्डावर बघून कोणी ठरवत नाही. कार्डावर कोळशाची धूळ कुठं बसते? पट्टे ओढायचे, आठ दिवस खाणीकडची धूळ त्यांच्यावर बसू द्यायची आणि जो सगळ्यात कमी मळलेला दिसेल तो अख्ख्या घराला फासायचा. बहुतेक चॉकलेटीच जिंकतो. म्हणून गल्लीच्या गल्ली चॉकलेटी.

वामनराव खुर्चीत बसले होते. कांताबाई दारात, चौकटीला टेकून. तेवीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर हे पहिलं स्वतःचं घर; पण दोघं असे बसले होते, जणू बस यायची आहे आणि ती जाते कुठं हे विचारायचं राहून गेलंय.

पिंकी मात्र उभी होती.

पांढरा पट्टा तिच्या भावाचा होता. स्लॅब टाकला त्याच दिवशी राजदीपनं जाहीर करून टाकलं होतं, घर पांढरं. झिंगू तेव्हा पोट धरून हसला होता. माजरीत पांढरं घर म्हणजे कोळशाच्या ढिगावर नवरदेवाचे कपडे वाळत घालणं, म्हणाला. राजदीपचं म्हणणं एवढंच होतं, की काळं पडलं तर ते दिसलं तरी पाहिजे. मग वरोऱ्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याला उडवलं. त्याला आता दोन महिने झाले होते.

घरात कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. कोणी रडतही नव्हतं. भात शिजायचा, ताटं वाढली जायची, घासली जायची. रंगाचं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, कोणताही लावा. आई म्हणाली, मळखाऊ लावा. आणि पिंकीनं, दहावीतल्या पिंकीनं, पेंटरला दरडावून सांगितलं, की एक पट्टा पांढरा पाहिजे म्हणजे पाहिजे.

सांगितलं खरं. पण धूळ थोडीच तिचं ऐकणार होती? दुसऱ्याच संध्याकाळी पट्टा मळला. तेव्हापासून ती रोज शाळेतून आली, की कोणी बघत नाही असं पाहून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या रुमालानं तो पुसून काढायची. हात पुरेल तिथवर. वरचा हात-दीड हात राहायचाच. संध्याकाळच्या उजेडात तिथलं नीट दिसायचं नाही, आणि तीही वर बघायची नाही.

आज सकाळचं ऊन थेट भिंतीवर होतं. आता झिंगू मान वर करणार. खाली पांढरं, वर काळं. मग चोरी उघडी पडणार आणि घर चॉकलेटी होणार.

झिंगूनं चॉकलेटी पट्ट्यावर बोट ओढलं. बोट काळं झालं. राखाडीवर ओढलं. काळं. पांढऱ्यावर ओढलं आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्यानं मान वर केली. पिंकीनंही केली.

पट्टा सज्ज्यापर्यंत स्वच्छ होता.

"भाऊ, हे काई समजून नाई राह्यलं मले," झिंगू वामनरावांना म्हणाला. "वीस वर्षं झाले, या धुळीत रंग मारून राह्यलो. पांढरा टिकला, असं आजच पाहून राह्यलो."

थोडा विचार केल्यावर त्याची खात्रीच पटली, की हा डब्याचा गुण. रंगवाल्यांनी यंदा आत काहीतरी नवीन घातलं असणार. पुढच्या महिन्यात गुणवंतरावांचं घर हाती घ्यायचं होतं, त्यांनाही आता पांढराच सांगतो, म्हणाला. तो बोलतच राहिला.

एरवी पिंकी हसून लोळली असती. आता ती त्या वरच्या हात-दीड हाताकडं बघत राहिली.

"मंग काय, पांढरा?" झिंगूनं विचारलं.

वामनरावांनी घसा साफ केला. "राजदीप पांढराच म्हने," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं, आणि काहीच झालं नाही. वामनराव खुर्चीतच होते. रस्त्यावरून एक डंपर गेला. झिंगूनं मान खाली घालून खिशातून टेप काढला आणि भिंत मोजत मोजत घराच्या मागच्या बाजूला वळला.

तो दिसेनासा झाल्यावर कांताबाई दारातून उठल्या. पट्ट्यापाशी आल्या, वाकल्या, आणि कमरेच्या उंचीवर पडलेल्या एका पिवळट डागावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"पान्यात साबन नको घालत जाऊ," त्या पिंकीला म्हणाल्या. "डाग पडते. वर पाह्य, नुसत्या पान्यानं कसं निघलं."