चार फूट जागा आणि एक डबा

हिमायतनगरातल्या दोन घरांमधली चार फूट जागा नेमकी कोणाची, यावरून नरहरराव वकील आणि शेजारच्या राजेश्वरम्मा अकरा वर्षं कोर्टात भांडत होते. बोलणं बंद, येणंजाणं बंद. आणि यंदा पाडव्याच्या सकाळी राजेश्वरम्मांकडून अचानक पुरणपोळ्यांचा डबा आला.

“परत पाठव,” नरहरराव बायकोला म्हणाले. “पुढच्या महिन्यात तारीख आहे.”

“पोळी खाल्ली तर जागेवरचा हक्क जातो का?” सुशीलाबाईंनी विचारलं.

वकिलांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तसा... जात नाही.”

“मग किरकिर नक्को. हात धुवा.”

नरहररावांनी तीन पोळ्या खाल्ल्या. दुपारी पाहतात तो सुशीलाबाई त्याच डब्यात श्रीखंड भरत होत्या.

“आता हे कशाला? केस मागे घ्यायची का?”

“केस तुमची तुम्ही चालवा. दुसऱ्याचा डबा कुणी रिकामा परत करतं का?”

झाकण लावायला म्हणून वकिलांनी डबा उचलला, तर कडेला नाव कोरलेलं दिसलं: ‘सौ. सुशीला नरहर’. भांडणाच्या आधी कधीतरी शेजारी गेलेला आणि तिथंच राहिलेला.

“अगं, हा तर आपलाच डबा! परत द्यायचा प्रश्नच येत नाही.”

सुशीलाबाईंनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तुम्ही कोर्टाचे कागद वाचत जा. माझी भांडी वाचू नका.”