गाण्याखालची नावं

लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या घरात संकेतला एक नवाच नाद लागला. दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं काम करायचं आणि संध्याकाळी आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया टांगून अडिल्सनची गाणी रेकॉर्ड करायची. शेजारच्या खोलीत राहणारा अडिल्सन अंगोलाचा. हॉस्पिटलात सफाईचं काम करायचा आणि पोर्तुगीजमध्ये रॅप करायचा. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याचं गाणं गाजलं. तीन दिवसांत दोन लाख लोकांनी ऐकलं. त्यात अंगोलातल्या एका बड्या धेंडाची सालटी काढली होती म्हणे. संकेतला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. गाण्याखाली ‘ध्वनिमुद्रण : संकेत’ एवढं वाचूनच स्वारी खूश होती.

चौथ्या दिवशी गाण्याखाली कुणीतरी एक फोटो टाकला. निळं दार, दाराशी पाण्याचं पिवळं पिंप.

“आईचं घर,” अडिल्सन म्हणाला. “आणि फोटो ताजा आहे. ते पिंप तिने कालच आणलंय.”

व्हिसा, नोकरी, नागपूरचे आईबाबा, सगळं संकेतच्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

“यार, माझं नाव काढ. आत्ताच्या आत्ता.”

अडिल्सनने नाव काढलं आणि त्याच जागी दुसरं टाइप केलं. ‘शब्द : फिलोमेना’.

“ही कोण?”

“आई. गाणं तिनेच लिहिलंय. मीच घाबरून तिचं नाव घालत नव्हतो. मघाशी फोनवर म्हणाली, घर सापडलंय ना त्यांना? मग आता नाव कशाला लपवतोस?”