डावीकडचा भुसा

भुसा चुकीच्या बाजूला पडला होता.

तारा कामाच्या टेबलापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. घरामागच्या या टिनाच्या खोलीत तिचे यजमान रुपराव कित्येक वर्षं लाकूडकाम करत आले होते, आणि भुसा नेहमी टेबलाच्या उजव्या टोकाखाली पडायचा. आता ती जागा स्वच्छ होती. सागाच्या ताज्या भुशाचा ढीग डाव्या टोकाखाली होता.

डाव्या हाताने करवत चालवणारा एकच माणूस तिला माहीत होता. रामाजी, रुपरावांचा धाकटा भाऊ.

रामाजीने दारूच्या भरात भिरकावलेला पाना त्यांच्या मुलीच्या, दीक्षाच्या, भुवईवर बसला होता. डोळा थोडक्यात वाचला. पोरीला टाके पडत होते तेव्हाच ताराने रुपरावांना सांगून टाकलं होतं, हा माणूस पुन्हा या घरात दिसला तर मी दीक्षाला घेऊन वर्ध्याला माहेरी जाईन, आणि गेले की गेले. रुपरावांनी मान डोलावली होती. ते शब्दाचे पक्के, असं तेव्हा तरी तिला वाटलं होतं.

तारा रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. एकाच खुणेवरून निदान करू नये, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती बघत राहिली.

भिंतीवरच्या प्लायवूडवर रुपरावांनी प्रत्येक हत्याराचा आकार रंगाने काढून ठेवला होता. करवत आता त्या आकाराच्या उलट लटकत होती, मूठ डावीकडे. जड रंधा धूळ खात पडला होता. शेजारी एक नवी करवत आली होती, हलकी, बारीक दातांची. आणि फळी टेबलाला आवळून धरणारे दोन क्लॅम्प. रुपरावांनी आयुष्यात कधी क्लॅम्प घेतले नव्हते. ज्याचा हात थरथरते त्यानं क्लॅम्प लावावं, असं म्हणून ते शेजारच्यांची टिंगल करायचे. दीक्षाला करवत शिकवताना ते स्वतःचा डावा अंगठा दाखवायचे, वणांनी भरलेला. करवत धरलेल्या हाताला कधी लागत नाही, फळी धरणाऱ्या हाताला लागतं, हा त्यांचा पहिला धडा.

थरथरतो तो दारुड्याचा हात, तारा मनाशी म्हणाली.

मग तिला बाकीचंही दिसू लागलं. रुपरावांची फिटरची नोकरी कळमेश्वरच्या कारखान्यात; इतकी वर्षं ते स्कूटरने जायचे, आता बसने जाऊ लागले होते. पेट्रोल वाचते म्हणाले. रामाजीची खोली बस स्टँडच्या मागेच होती. शर्ट सोडून ते टी-शर्ट घालू लागले होते. चहा पुढे ठेवला की राहू दे, घेतो मग, म्हणायचे, आणि ती आत जाईपर्यंत कपाला हात लावायचे नाहीत. तिच्या नजरेला नजर तर देतच नव्हते.

शनिवारी ती लॅबमधून लवकर निघाली आणि सरळ घरामागे गेली. आत करवत चालली होती. अडखळत, थांबत, पुन्हा अडखळत. रुपरावांच्या करवतीला एक लय असायची. हा हात त्यांचा नव्हता. दाराला आतून कडी होती. तिने दार वाजवलं. आवाज बंद झाला, काहीतरी खाली पडलं, आणि दार उघडायला बराच वेळ लागला.

आत रुपराव एकटेच होते. मागच्या गल्लीकडची खिडकी सताड उघडी. टेबलावर अर्धी कापलेली फळी.

"रामाजी भाऊजी येऊन राहिले ना इथं?"

रुपराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला, चुकलेल्या माणसाला कुणीतरी वाट दाखवावी तसा.

"हो," ते म्हणाले. "येते तो."

हेच ऐकायला ती आली होती. आवाज न चढवता तिने सांगितलं, की उद्या सकाळी ती दीक्षाला घेऊन वर्ध्याला निघते आहे. त्यांनी अडवावं, निदान भांडावं, असं तिला वाटत होतं. ते नुसतं बरं म्हणाले.

ती वळली, आणि टेबलाखालच्या भुशात तिला एक लाल ठिपका दिसला. त्याच्या शेजारी दुसरा पडला.

"अंगठा कापला तुमचा."

रुपरावांनी डावा हात वर करून पाहिला. उलटा करून पाहिला. "नाही तं."

रक्त उजव्या अंगठ्यातून ठिबकत होतं.

ताराने तो हात ओढून घेतला, ओढणीचा बोळा जखमेवर धरला आणि अंगात होता तेवढा जोर लावून दाबला. रुपरावांनी हूं की चूं केलं नाही. ते हाताकडे बघतही नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"दुखून नाही राहिलं?"

"दाबून राहिली का तू?"

तिने बोळा सोडला नाही.  मग रुपरावांनी डावा हात टेबलावर, अर्ध्या कापलेल्या फळीवर ठेवला.

"कोणी नाही येत वं इथं," ते म्हणाले. "कारखान्यात समजायच्या आधी या हाताले शिकवून राहिलो."